इगर्ज पाडली, शाळाही गेली: आठवणी कागदावर कशा आणायच्या?

या वेळचे सगळे प्रश्न एकाच विषयावरचे आहेत: गोव्यातली आता उभी नसलेली इगर्ज, म्हणजे चर्च, आणि तिच्या आवारात भरणारी शाळा. नावं वाचकांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : सासष्टीतल्या आमच्या गावची जुनी इगर्ज पाडून तिथेच नवी बांधली. आवारातली शाळा त्याआधीच गेली होती. १९५७ ते १९६५ या काळात तिथे शिकलेले आम्ही अकरा जण, सात हिंदू आणि चार ख्रिस्ती, मिळून एक छोटी पुस्तिका काढणार आहोत. पहिल्याच बैठकीत घंटेचा मनोरा डावीकडे होता की उजवीकडे, यावर तासभर वाद झाला. सुरुवात कुठून करावी?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : आधी बैठका थांबवा. एकत्र बसून आठवायला घेतलं की जो ठामपणे बोलतो त्याचीच आठवण दोन बैठकांत सगळ्यांची होऊन जाते. नंतर ती वेगळी काढता येत नाही. अकरा जणांचं बोलणं वेगवेगळं ध्वनिमुद्रित करा आणि ते सगळं उतरवून झाल्यावरच एकत्र बसा. मोबाईल एरोप्लेन मोडवर टाकून घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर. पंखा बंद करा, कारण पंख्याची घरघर माणसाला जाणवत नाही पण रेकॉर्डिंगमध्ये शब्दांचे शेवट खाते. पाऊण तासाच्या पुढे जाऊ नका. सत्तरी-ऐंशीतल्या माणसाला त्यानंतर दम लागतो आणि तो थोडक्यात आवरू लागतो. नाव, तारीख, शाळेत असल्याची वर्षं आणि 'हे छापायला माझी हरकत नाही' हे वाक्य सुरुवातीलाच त्यांच्या आवाजात घ्या.

आता मनोरा. 'डावा' आणि 'उजवा' हे शब्द सरळ बाद करा. इगर्जीत शिरणाऱ्याची आणि बाकावर वेदीकडे तोंड करून बसणाऱ्याची उजवी बाजू एकच असते. दारातून बाहेर पडणाऱ्याची उलटी, पायऱ्यांवर फोटोला उभ्या केलेल्या मुलांचीही उलटी. तुमचे सात हिंदू वर्गमित्र इमारत बहुधा पटांगणातून किंवा शाळेच्या व्हरांड्यातून बघत असणार, चार ख्रिस्ती मित्र बाकावरून. दोघंही खरं सांगत असतील. म्हणून न हललेली खूण धरा: रस्ता, विहीर, बांध, आवारातला मोठा खुरीस (क्रूस). 'मनोरा विहिरीच्या बाजूला की रस्त्याच्या?' असं विचारलंत तर वाद बहुधा पाच मिनिटांत मिटेल.

आतल्या भागासाठी इगर्जीची स्वतःची जुनी पद्धत आहे. वेदीकडे तोंड केल्यावर डावी ती शुभवर्तमानाची बाजू आणि उजवी ती पत्राची बाजू, कारण पूर्वी मिस्साच्या (इगर्जीतल्या मुख्य प्रार्थनाविधीच्या) वेळी त्या त्या बाजूला उभं राहून ते वाचलं जाई. या पद्धतीची ताकद जुन्या गोव्यात दिसली आहे. जॉर्जियाची राणी केतेवान १६२४ मध्ये शिराजला मारली गेली आणि तिच्या अवशेषांचा काही भाग ऑगस्टिनियन पाद्रींनी गोव्यात आणला. पोर्तुगीज कागदपत्रांत जागा लिहून ठेवली होती: मठाच्या सभा-कपेलात (कपेल म्हणजे छोटं प्रार्थनागृह) पत्राच्या बाजूची दुसरी खिडकी. पुढे त्या मठाची पडझड झाली आणि ढिगारा उरला. तरी शोध घेणाऱ्यांना दिशा मिळाली ती याच नोंदीने. पुरातत्त्व खात्याला तिथे सापडलेल्या हाडाची हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासणी झाली आणि २०२१ मध्ये अवशेषांचा एक भाग भारताने जॉर्जियाला दिला. तुमच्या पुस्तिकेत 'उजव्या भिंतीजवळ संत आंतोनीची मूर्ती होती' असं लिहू नका. 'पत्राच्या बाजूला, दुसऱ्या खिडकीखाली' असं लिहा.

मुलाखतीत 'इगर्ज कशी होती हो?' असं विचारलं तर 'खूप मोठी, सुंदर' एवढंच उत्तर येतं. माणसाला फाटकापासून चालवत न्या. पावसात छत्र्या कुठे ठेवायचा? पायऱ्या चढताना हात कशावर टेकायचा? दोतोर्न (ख्रिस्ती धर्मशिक्षणाचा तास) चालू असताना हिंदू मुलं कुठे बसायची? कोराकडे (गाणाऱ्यांच्या माळ्याकडे) जाणारा जिना लाकडी होता की दगडी, आणि त्यावर चढायला मनाई होती का? घंटेची दोरी कुठवर लोंबायची? पाल्मातोर (हातावर मारायची लाकडी फळी) कोणत्या खिळ्याला टांगलेली असायची? पायांना आणि हातांना आठवतं ते डोळ्यांपेक्षा पक्कं असतं.

उंची-रुंदी मात्र थेट विचारू नका. सहा वर्षांचं मूल साधारण ११० ते ११५ सेंटीमीटरचं. त्याला दहा फुटांचं दारही आकाशाएवढं वाटतं. 'दाराजवळच्या पवित्र पाण्याच्या कुंडात बोट बुडवायला टाचा उंचवाव्या लागायच्या का, आणि कोणत्या इयत्तेपर्यंत?' असं विचारा. त्या उत्तरातून कुंडाची उंची वीतभराच्या फरकाने निघते.

वर्ष ठरवायला खुंट्या लागतात. फी तांगांत दिली की एस्कुदोत (दोन्ही पोर्तुगीज काळातली नाणी)? एस्कुदो १९५८-५९ पासूनचे. 'प्रिमैर ग्राव', 'सेगुंद ग्राव' म्हणतात की पहिली, दुसरी? गोवा मुक्त झाला त्या दिवशी, १९ डिसेंबर १९६१ ला, तुम्ही कोणत्या वर्गात होता? संत फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाला शाळेने नेलं होतं का? ती प्रदर्शनं १९५२, १९६४ आणि १९७४-७५ ची. लोकांकडे पाठ फिरवून पाद्री लॅटिनमध्ये मिस्सा म्हणायचा असं आठवत असेल तर ती आठवण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेतले (१९६२-६५) बदल गावात पोचण्यापूर्वीची. वेदी भिंतीपासून पुढे सरकवणं, वेदीपुढचा कठडा काढणं हे बदल त्याच लाटेतले, पण प्रत्येक गावात एकाच वर्षी झालेले नाहीत. म्हणून त्यावरून नेमकं साल काढू नका, आधीचं की नंतरचं एवढंच ठरवा.

आणि शेवटी दोन आठवणी जुळल्याच नाहीत, तर दोन्ही छापा, ज्याच्या त्याच्या नावानिशी आणि वर्षांनिशी. मधलं काहीतरी जुळवून लिहिलंत तर ते कोणाचीच आठवण नसतं.

प्रश्न : आजोबा आमच्या गावच्या पारोकियाल इश्कोलात (इगर्जीच्या शाळेत) शिकले. ती इगर्ज आणि शाळा दोन्ही आता नाहीत. त्यांच्या बाप्तिस्म्याची आणि शाळेची नोंद कुठे मिळेल? एका नोंदीची प्रत मिळाली, पण तीत जन्म जुलैचा दिसतो आणि घरचे सप्टेंबर सांगतात.
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : इमारत पाडली म्हणून नोंदवह्या जात नाहीत, त्या फ्रेगेजीबरोबर (एका इगर्जीखालच्या धर्मग्रामाबरोबर) फिरतात. १५६३ मध्ये संपलेल्या ट्रेंटच्या परिषदेने बाप्तिस्मा आणि लग्नाच्या वह्या ठेवणं बंधनकारक केलं होतं, त्यामुळे त्या सांभाळायची सवय जुनी आहे. पहिली चौकशी त्या जागी आता जी फ्रेगेज आहे तिच्या व्हिगाराकडे (मुख्य पाद्रीकडे) करा. दुसरी पणजीच्या पुराभिलेख खात्यात, कारण बऱ्याच जुन्या वह्या तिथे आहेत. गोव्यात १९१४ पासून नागरी नोंदणी सुरू झाली. त्यानंतरचा जन्म असेल तर तालुक्याच्या नागरी निबंधकाकडे 'तेओर' प्रत मागा. तेओर म्हणजे मूळ नोंद शब्दशः उतरवलेली प्रत. छोट्या दाखल्यात समासातल्या नोंदी येत नाहीत, आणि लग्नाचा किंवा नाव बदलाचा धागा पुष्कळदा समासातच असतो. जाताना नाव, वडिलांचं नाव, गाव, वाडा आणि अंदाजे पाच वर्षांचा पट्टा लिहून न्या. 'साधारण शंभर वर्षांपूर्वी' एवढ्यावर वही काढणं कोणालाच जमत नाही.

तुमच्या जुलैचं कोडं बहुधा असं आहे. जुने पोर्तुगीज लेखक महिन्याचं नाव आखडून लिहीत. ७ चा आकडा आणि त्याच्यापुढे, जरा वर, बारीक 'ब्रो'. हा सातवा महिना नव्हे. 'सेते' म्हणजे सात, म्हणून ते सेतेंब्रो, अर्थात सप्टेंबर. तसंच ८ आणि 'ब्रो' म्हणजे ऑक्टोबर, ९ आणि 'ब्रो' म्हणजे नोव्हेंबर, आणि रोमन दहाची फुली आणि 'ब्रो' म्हणजे डिसेंबर. नक्कल करणाऱ्याने 'ब्रो' गाळला की सप्टेंबरचा जुलै होतो. तुमच्या प्रतीवर भिंग धरून आकड्याच्या उजव्या खांद्याशी बघा.

नोंदीचा साचा ठरलेला असतो: तारीख शब्दांत, इगर्जीचं नाव, मूल कोणाचं, आईवडील कुठले, मग पाद्रीन आणि माद्रीन (धर्मपिता आणि धर्ममाता). शेवटची दोन नावं सोडू नका. ती बहुतेक वेळा नात्यातली किंवा वाड्यावरचीच असतात आणि घराण्याचा पुढचा दुवा तिथूनच लागतो.

शाळेची नोंद वेगळ्या वाटेने जाते. शाळा दुसऱ्या शाळेत विलीन झाली असेल तर जनरल रजिस्टर त्या शाळेकडे, बंद झाली असेल तर तालुक्याच्या भाग शिक्षणाधिकारी कार्यालयात आधी विचारा. एसएससीसाठी हे ध्यानात ठेवा की गोवा मंडळ १९७५ चं. त्याआधीची एसएससी परीक्षा पुणे मंडळाची असे.

प्रश्न : पहिल्या कुम्साराच्या (पापनिवेदनाच्या) वेळचे, पायऱ्यांवर काढलेले तीन फोटो मिळाले. एक काचेला चिकटला आहे. स्कॅन कसे करावे? त्यावरून दाराची उंची काढता येईल का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : काचेला चिकटलेला फोटो सोडवू नका. ओल लागून जिलेटिनचा थर काचेला धरलेला असतो. ओढलात की चेहरा काचेवर राहतो आणि हातात कागद येतो. काच पुसून काचेसकट स्कॅन करा. बाकीचे ६०० डीपीआयवर, आणि तळहाताहून लहान प्रत असेल तर १२०० वर. मूळ फाइल टिफ ठेवा, वाटायला जेपेग वेगळी काढा. मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का आणि शाईतली तारीख तिथेच असते. चिकटपट्टीच्या अल्बममधला फोटो निघत नसेल तर दात साफ करायचा दोरा मागून करवतीसारखा हळू फिरवा. लॅमिनेशन कधीही करू नका, आपल्या दमट हवेत आतली ओल आतच कुजते. नावं लिहायची तर मागे मऊ पेन्सिलीने, कडेला. त्याहून बरं म्हणजे फोटोवर पातळ कागद ठेवून डोक्यांच्या बाह्यरेषा काढा, त्यांत आकडे घाला आणि नावं त्या कागदावर लिहा.

उंची काढता येते, पण दाराच्या चौकटीला अगदी लागून उभं असलेलं माणूसच माप म्हणून चालतं. पुढच्या पायरीवरचं माणूस कॅमेऱ्याजवळ असल्याने मोठं दिसतं आणि दार आहे त्याहून बुटकं ठरतं. चौकटीजवळची मोठी व्यक्ती १६० सेंटीमीटर धरली आणि फोटोत ती ४ सेंटीमीटर, दार ८ सेंटीमीटर आलं, तर दार सव्वातीन मीटरच्या आसपास. उत्तर 'सुमारे' म्हणूनच छापा.

प्रश्न : आमच्या कपेलाचं आणि त्याला लागून असलेल्या वर्गखोलीचं जोतं झाडीत शिल्लक आहे. नकाशा करायचा आहे.
— एक वाचक, केपे

उत्तर : आधी एक-चौदा उतारा काढून जागा कोणाच्या नावावर आहे ते पाहा आणि लेखी परवानगी घ्या. भूमी अभिलेख खात्याकडून सर्व्हे नंबरच्या नकाशाची प्रमाणित प्रतही घ्या. गोव्याचे हे नकाशे १:१००० प्रमाणाचे, म्हणजे एक सेंटीमीटरला दहा मीटर. मोजणीच्या वेळी इमारत उभी होती तर तिचा आकार त्यात असतो. पण अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जागेवर अर्धा मीटर, हे विसरू नका.

जागेवर तीन माणसं, ३० मीटरचा टेप, दोरी आणि खुंट्या पुरतात. झाडी कापा, मुळं उपटू नका. चिऱ्यांच्या सांध्यात गेलेलं मूळ ओढलं की चिरा उलटतो आणि कोपऱ्याची जागाच जाते. सर्वांत लांब भिंतीला समांतर, मीटरभर बाहेर, सरळ दोरी ताणा. दोरीवर दर दोन मीटरला खूण करून भिंतीपर्यंत काटकोनात माप घ्या. काटकोनासाठी ३, ४ आणि ५ मीटरचा त्रिकोण. शेवटी खोलीचे दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर लगेच माप चुकलं असं समजू नका, जुन्या खोल्या क्वचितच नेमक्या काटकोनी असतात. मात्र फरक लिहून ठेवा. भिंतीची जाडी प्रत्येक ठिकाणी मोजा. इगर्जीची जुनी भिंत एक मीटर किंवा जास्त असू शकते, नंतर जोडलेल्या वर्गखोलीची बरीच पातळ. दोन्हींच्या सांध्यात चिरे एकमेकांत गुंतलेले नसून सरळ उभी फट असेल, तर खोली मागाहून बांधली.

खोदू नका. पडलेली कौलं मात्र उलटून बघा. मंगळुरी कौलाच्या पाठीवर कारखान्याचं नाव ठसठशीत उमटलेलं असतं. चिखल नुसत्या पाण्याने आणि मऊ ब्रशने काढा, उन्हं कलल्यावर तिरक्या उजेडात फोटो घ्या, अक्षरं आपोआप उठून दिसतात. बासेल मिशनने मंगळुरात १८६५ मध्ये अशा कौलांचा कारखाना सुरू केला, तेव्हा ते छप्पर त्यानंतरचं. भिंती त्याहून कितीही जुन्या असू शकतात, कारण नळ्याची कौलं उतरवून मंगळुरी चढवणं सगळीकडे झालं.

प्रश्न : शाळेची पडवी पाडल्यावर थोड्याच वर्षांत इगर्जीची ती बाजूची भिंत फुगली आणि अखेर सगळंच पाडावं लागलं. शाळा पाडण्याशी याचा संबंध असेल का? पुस्तिकेत काय लिहावं?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : संबंध असण्याची दाट शक्यता आहे, आणि तो दोन प्रकारचा. भिंतीला टेकलेल्या खोल्यांच्या आडव्या भिंती उंच भिंतीला टेकूचं काम करतात. त्या काढल्या की भिंत एकटी पडते. शिवाय पडवीखाली झाकलेली बाजू वर्षानुवर्षं कोरडी राहिलेली असते. ती एकाएकी आपल्या सुमारे ३००० मिलिमीटर पावसाच्या तोंडी येते. तिच्यावर बाहेरच्या भिंतीसारखा जाड चुन्याचा गिलावा नसतो.

फोटोत त्या भिंतीला करडा सिमेंट गिलावा दिसतो का ते पाहा, कारण पुष्कळदा दुखणं तिथूनच सुरू होतं. चिरा पाणी पितो. चुन्याच्या गिलाव्यातून ते पाणी उन्हाळ्यात परत जातं. सिमेंटमधून जात नाही. क्षार सिमेंटच्या मागे साचतात, चिऱ्याचा चेहरा भुगा होऊन गळतो आणि बाहेरून भिंत धडधाकट दिसते. बोटाच्या पेराने ठोकल्यावर पोकळ आवाज येतो तो याचा. वर तुळयांची भिंतीत गाडलेली टोकं ओलीने आणि वाळवीने आधी जातात, तुळई खचते आणि भिंतीला बाहेर ढकलते. छप्पर हीच इगर्जीची नाडी. जुन्या गोव्यातला ऑगस्टिनियनांचा मठ १८३५ मध्ये ओस पडला, इगर्जीची कमान १८४२ लाच कोसळली.

ज्यांच्या गावी जुनी भिंत अजून उभी आहे त्यांच्यासाठी: विरवलेला चुना किमान तीन आठवडे पाण्याखाली मुरवलेला, एक भाग चुन्याला तीन भाग धुतलेली नदीची रेती (खाडीची नको, तिच्यात मीठ असतं), एका थराला आठ ते दहा मिलिमीटर, थर आठवडाभर ओला ठेवायचा, आणि दर पावसाळ्यानंतर चुन्याची सफेदी. पुस्तिकेत 'इगर्ज जीर्ण झाली म्हणून पाडली' एवढ्यावर थांबू नका. पडवी कधी गेली, सिमेंट कधी लागलं, भेग पहिल्यांदा कोणाला कुठे दिसली, हे क्रमाने लिहा.

प्रश्न : जुन्या घंटेचं काय झालं हे कोणालाच सांगता येत नाही.
— एक वाचक, पणजी

उत्तर : घंटा सहसा टाकून देत नाहीत. ऑगस्टिनियन मठाच्या मनोऱ्यातली मोठी घंटा आधी आग्वादच्या दीपगृहावर गेली आणि १८७१ मध्ये पणजीच्या इगर्जीत चढली. आजही ती तिथे आहे. तेव्हा नव्या इगर्जीबरोबर फ्रेगेजीतल्या सगळ्या कपेलांच्या घंटा पाहा. वेदीचे कोरीव भाग, मूर्ती, प्रवचनाचा पुल्पितसुद्धा असेच आसपासच्या कपेलांत सापडतात. घंटेवर ओतल्याचं साल आणि अर्पणाचा मजकूर खांद्याजवळ किंवा ओठाजवळ गोल फिरलेला असतो. अंधारात विजेरी कडेने धरून, घंटेभोवती एकेक पाऊल सरकत आठ-दहा फोटो काढा. चिंच-राख लावून घासू नका, अक्षरांच्या कडा बोथट होतात. फाब्रिकेच्या (इगर्जीची मालमत्ता सांभाळणाऱ्या समितीच्या) जमाखर्चाच्या वहीत घंटा हलवल्याच्या हमालीची ओळ मिळाली तर साल पक्कं.

प्रश्न : आमचं मूळ गाव कुर्डी. साळावली धरणात गेलेलं कपेल दरवर्षी मे महिन्यात दिसतं. तिथे जाऊन काय नोंदवता येईल?
— एक वाचक, वाडे

उत्तर : कुर्डीवाल्यांना जे जमतं ते बाकीच्यांना जमत नाही: आठवणारा माणूस प्रत्यक्ष जागेवर उभा करता येतो. कपेलाच्या फेस्ताला (वार्षिक सणाला) आणि सोमेश्वराच्या उत्सवाला लोक येतातच. त्याच दिवशी, प्रार्थना आटोपल्यावर, दोन-तीन वडीलधाऱ्यांना घराच्या जोत्यापासून शाळेपर्यंत आणि शाळेपासून कपेलापर्यंत रोजच्या वाटेने चालायला लावा. मागून मोबाईलवर जीपीएसची वाट नोंदवत जा आणि बोलणं मुद्रित करा. जिथे ते थांबतात तिथे आकडा लिहिलेली काठी रोवा आणि फोटो घ्या. सकाळी सात ते साडेनऊ हीच वेळ ठेवा, त्यानंतर उघड्या गाळात सावली नाही. दरवर्षी त्याच जागेवरून तोच फोटो घ्या, भिंत किती झिजली ते तुलनेत कळतं. वरून कोरडा आणि तडकलेला दिसणारा गाळ ओढ्याच्या काठी आत ओला असतो, काठी टोचून पाहिल्याशिवाय म्हाताऱ्या माणसांना तिकडे नेऊ नका. टेपने मोजायचं काम मे महिन्यातच उरका. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर जोत्याच्या कडा गाळाखाली बुजतात आणि शून्याचं टोक कुठे धरायचं तेच कळत नाही.